बिनविरोध निवडून आलेल्या नानांना

नाना, आमच्या शाळेतल्या पोरांनी यंदा पावसाळ्यात अगदी तुमच्यासारखी निवडणूक केली, आणि तेव्हापासून तुम्हाला काही विचारायचं माझ्या डोक्यात घोळतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण एक शब्द तुम्ही कसा उच्चारायचात ते डोळे उघडे ठेवूनही ऐकू येतं. बिनविरोध. दुसरे लोक ‘पोरगा डॉक्टर झाला’ ज्या सुरात सांगतात, त्या सुरात तुम्ही तो शब्द सांगायचात. चांदवडच्या बाजारात कुणी भेटलं, कांद्याचा भाव विचारून झाला, पाऊसपाणी झालं, की तुम्ही हळूच गाडी तिकडे वळवायचात. आमच्या गावात निवडणूक म्हणून होत नाय, एका बोटाला शाई लागत नाय. समोरच्याने “काय सांगता!” म्हटलं की तुम्ही उगाच मिशीवरून हात फिरवायचात आणि चहाचे पैसे स्वतः द्यायचात.

मी आता नाशिकला राहते आणि पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून जरा आतल्या एका गावच्या शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. इतिहासाला पोरं थोडा तरी कान देतात, त्यात लढाया असतात. राज्यशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचं प्रकरण. लोकशाहीची व्याख्या विचारली तर घडाघडा म्हणतील, आणि “याचा तुझ्याशी काय संबंध?” असं विचारलं की खिडकीबाहेर बघतील. एकाने एकदा खरं ते सांगून टाकलं, “मॅडम, अठरा व्हायला लय टाइम हाय अजून.” मला त्याचा राग नाही आला. उलट तो गेल्यावर मी तेच घोकत बसले, की एखाद्या गोष्टीचा आपल्याशी संबंध आहे हे माणसाला नेमकं कधी कळतं? मला कधी कळलं? मग मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक मागून घेतली. एरवी वर्गशिक्षक बोट दाखवतील तो प्रतिनिधी. यंदा अर्ज, माघार, प्रचार, मतदान, मोजणी असं सगळं रीतसर करायचं ठरलं. उमेदवार नववी-दहावीतले, मतदार आठवी ते दहावीतले. मतदान यंत्रासारखं चालणारं एक ॲप मोबाइलवर घेतलं, त्यात नावासमोरचं बटण दाबलं की लांबलचक बीप वाजतो. लोकशाहीचं राहू द्या, पोरं त्या बीपवरच फिदा झाली.

चौघांनी अर्ज भरले, चौघेही नववीतलेच. तीन मुलगे आणि एक मुलगी. ही मुलगी हायवेपलीकडच्या मळ्यातल्या वस्तीवरून येते, फार बोलत नाही, पण बोलली की मुद्द्याचं बोलते. यंदा नववी-दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर सुरू झाले आणि तिची एसटी चुकायला लागली. मुलगे सायकलवर नाहीतर मोठ्या भावाच्या गाडीवर घरी जातात. एसटीच्या मुली फाट्यावर उभ्या राहून टोमॅटोच्या परतीच्या टेम्पोला हात करतात. तिच्या वडिलांनी एकदा तिला तसं टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि निक्षून सांगितलं, पुन्हा असं दिसलं तर दिवाळीनंतर शाळा बंद. “मग जादा तासाला थांबू नकोस,” मी म्हणाले. ती म्हणाली, “मग गणित जातं ना, मॅडम.” तिला प्रतिनिधी व्हायचं होतं ते एवढ्यासाठी. प्रतिनिधीला महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांसमोर बसायला मिळतं, तिथे तिला म्हणायचं होतं की जादा तास सकाळी घ्या.

माघारीच्या दिवशी मी वर्गात शिरले तर टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं कुणाचा वाढदिवस आहे. पुढच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, “मॅडम, बिनविरोध झालं! काल समद्यांनी बसून मिटवलं.” उभा होता तो एकटा कबड्डीचा कॅप्टन, द्राक्षं पेट्यांत भरून परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसवाल्यांचा मुलगा, उमदा, हसतमुख, कुणालाही आवडेल असा. बाकीच्या तिघांनी माघार घेतली होती. आणि नाना, गंमत पुढेच आहे. वर्गणी काढून त्यांनी माघार घेणाऱ्या तिघांचा सत्कार केला होता. प्रत्येकाला एकेक रुमाल आणि एकेक पेन. गावात टॉवेल-टोपी देतात, पोरांना परवडला तो रुमाल. शिवाय प्रत्येकाला एकेक खातं. एकाला क्रीडामंत्री केलं, एकाला सांस्कृतिकमंत्री. मुलीला काय दिलं असेल, ओळखा. स्वच्छतामंत्री! मी हसले, अगदी मोठ्याने हसले, कारण इतकं हुबेहूब तर मीही शिकवू शकले नसते. मग माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ती तो नवा रुमाल घडीवर घडी घालत बारीक बारीक करत होती. त्यानंतर मला हसू आलं नाही.

मुख्याध्यापकांना मात्र केवढा आनंद. “बघा, किती समजूतदार पोरं! भांडण नाही, तंटा नाही. फळ्यावर लिहा, ग्रुपवर फोटो टाका.” मी म्हटलं, सर, मग मतदान? तर म्हणाले, “अहो मॅडम, तुम्ही तर बिनविरोध सरपंचांच्या लेक. तुम्हाला तर अभिमान वाटला पाहिजे. उगाच कशाला काड्या करता?” तुमची कीर्ती अजून इतक्या लांब टिकून आहे, याचं मला खरंच बरं वाटलं. पण त्याच वेळी मी शाळेच्या व्हरांड्यात नव्हते, आपल्या स्वयंपाकघरात होते.

मी अठरा पूर्ण केली त्या वर्षीची गोष्ट. मतदार यादीत माझं नाव आलंय आणि मी ते मैत्रिणींना सांगत फिरतेय. बोटाला शाई लागली की कॉलेजात कशी मिरवायची ते मी मनात ठरवूनसुद्धा टाकलंय. आपल्या वॉर्डातून तुमच्यासमोर एकच अर्ज आलाय, ओहोळापलीकडच्या वस्तीवरच्या, पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा. ओसरीवर गावातली माणसं बसलीत म्हणून तुम्ही त्याला आत, चुलीपाशी घेऊन येता. आई चहा टाकते, मी कपबश्या विसळते. तुम्ही त्याच्यासमोर पाट ओढून बसता आणि म्हणता, “तुझं काय म्हननं हाय? पाइपलाइन ना? आनून देतो. माझा शब्द. पन फारम मागं घे. गावाचं नाव जाईल.” तो कपाकडे बघत म्हणतो, “पाइपलाइन तं पाह्यजेच, नाना. पन मला एकदा उभं राहून पाह्यचं व्हतं.” तुम्ही हसता. “आरं, पडशील.” “पडलो तं पडलो. आपलं कितीजनाला पटतं ते तरी कळंल.” तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवता. “कळून काय करायचं, बाबा? उद्या एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यचं हाय का नाय?” तो चहा संपवतो, बशी पुसल्यासारखी स्वच्छ करून खाली ठेवतो आणि म्हणतो, “तुम्ही म्हंताय तं राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी देवळासमोर त्याला शाल आणि नारळ मिळाला, तुम्हाला हार. लोक पेढे वाटत होते. मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला विचारलं, “नाना, मग माझं पहिलं मत?” तुम्ही म्हणालात, “ठेव जपून. मत काय नासतं का?” सगळे हसले. मी हट्टाने पुढे म्हणाले, “मग यादीत नाव कशाला घातलं?” तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. “मोठ्या मान्सांत तोंड घालायचं नाय.” मी घरी आले आणि पेढ्याला हात लावला नाही. आई म्हणाली, पेढ्याने तुझं काय घोडं मारलंय? तुम्ही मात्र शब्दाला जागलात, हे सांगितलंच पाहिजे. वर्षाच्या आत वस्तीवर पाइपलाइन गेली. तो माणूस पुन्हा कधी कशाला उभा राहिला नाही. तुमचं नाव निघालं की म्हणायचा, नानांच्या कृपेनं पाणी आलं. त्याच्या तोंडून हे ऐकताना मला काहीतरी टोचायचं. काय टोचतंय ते मात्र कळायचं नाही, कारण पाणी तर खरंच आलं होतं.

बरीच वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात हुकूमशहा ठरवून मोकळी झाले होते. मग तुम्ही गेल्यावर एकदा मेथी निवडता निवडता आईने सहज सांगितलं. माझ्या जन्माआधी गावात एक निवडणूक झाली होती, खरीखुरी, दोन पॅनलची. तुमचा जिवाभावाचा मित्र थोडक्या मतांनी निवडून आला. काही दिवसांनी एका सकाळी त्याच्या द्राक्षबागेतली खोडं कुणीतरी करवतीने कापून ठेवलेली सापडली. मांडवावरची पानं अजून हिरवीच होती, म्हणून लांबून काही कळतच नव्हतं. तो एकेका खोडाला हात लावत रडत फिरत होता आणि तुम्ही त्याच्या मागे मागे चालत होतात. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच म्हणालात, “ह्या गावात परत मतदान होऊ देनार नाय.” आई मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, त्या दिवशी जेवले नाहीत. नाना, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी इतिहासात पदवी घेतली, दोनशे वर्षांपूर्वीच्या राजांची भांडणं पाठ केली, आणि माझ्या घरातली ही एवढी मोठी गोष्ट मला भाजी निवडताना कळावी? तुम्ही सांगितली असती तर मी तुमच्याशी नीट भांडले तरी असते. म्हणाले असते की करवत मताने नाही, माणसाने चालवली. त्या माणसाला शोधायचं सोडून तुम्ही सगळ्या गावाचं मत काढून घेतलंत. तुमच्याकडे याचं उत्तर असणार. ते काय असेल, याचाच मी हल्ली विचार करत असते, आणि कधी कधी ते उत्तर मला पटतंही.

तर माघारीची मुदत दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या तासापर्यंत आहे, आणि घेतलेली माघारही तोवर परत घेता येईल, असं मी जाहीर केलं. जाहीर करायचा अधिकार माझाच होता, मग का सोडा? वर्गात मी कुणालाच रागावले नाही. फक्त विचारलं, “चौघांनी अर्ज भरले होते, तर कोणाला काय करायचं होतं?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कालच्या बैठकीत तो प्रश्नच निघाला नव्हता. मी कॅप्टनला विचारलं, “तू काय करणार?” तो म्हणाला, “समदे म्हणतील ते.” “समदे म्हणजे कोण?” त्याने प्रामाणिकपणे मागे वळून पाहिलं. मागे त्याचा कबड्डीचा संघ बसला होता. तो स्वतःच ओशाळून हसला. वाईट नाही हो तो पोरगा. त्याला खरोखर वाटत होतं की सगळे म्हणजे तेवढेच.

मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. स्टाफरूमच्या दाराशी बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत उभी राहिली. मग म्हणाली, “मॅडम, मी परत उभी राहिले आणि पडले तं?” मी तिला खोटा धीर दिला नाही. म्हटलं, “बहुतेक पडशीलच. त्याचे दोस्त किती आहेत बघतेस ना.” “मग कशाला उभं राहू?” माझ्या तोंडून आपोआप निघालं, “तुझं किती जणांना पटतं ते तरी कळेल.” बोलून गेल्यावर मला जाणवलं की हे वाक्य माझं नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसून कपाकडे बघत बोललेलं वाक्य आहे ते, आणि इतकी वर्षं ते माझ्या आत कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, “पोरं चिडवतील.” मी म्हटलं, चिडवतील. ती म्हणाली, “स्वच्छतामंत्री पन जाईल.” मग आम्ही दोघी एकदमच हसलो, आणि हसता हसता तिने तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. “हा त्यांना परत द्या, मॅडम.” मी म्हटलं, ज्यांचा आहे त्यांना तूच दे. तिने भर वर्गात जाऊन दिला.

पुढचे काही दिवस वर्गात तुम्ही म्हणायचात तेच झालं. भांडण. कबड्डीवाले म्हणाले, शब्द फिरवला. दोन मैत्रिणींनी तिच्याशी बोलणं सोडलं. कुणीतरी फळ्यावर टेम्पोचं चित्र काढून खाली तिचं नाव लिहिलं. मी ते पुसून टाकलं. घरी गेल्यावर मला कापलेली खोडं डोळ्यांसमोर दिसायला लागली. नानांचंच बरोबर असेल तर? मी हिच्या हाती काय दिलंय? खरं सांगते, त्या दिवसांत मतदान रद्द करायचं माझ्या दोनदा मनात आलं. बिनविरोध करणाऱ्या माणसाला किती भीती वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. तुम्ही मला इतके जवळचे याआधी कधी वाटला नव्हतात.

मतदानाच्या आधी परिपाठाला दोघांची भाषणं झाली. कॅप्टन म्हणाला, मी सगळ्यांचा आहे, ग्राउंडवर नेट लावू. टाळ्या पडल्या. ती उभी राहिली. आवाज बारीक, कागद नाही. “मी जिंकले तर जादा तास सकाळी घ्या असं सरांना सांगीन. हरले तरी सांगीन, पन तेव्हा सर ऐकनार नाहीत. एसटी चुकली की आम्ही फाट्यावर उभ्या राहतो. तुम्हाला ते दिसत नाय, कारन तुम्ही तेव्हा घरी पोचलेले असता.” एवढंच बोलून ती रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यासाठी फारशा टाळ्या पडल्या नाहीत. पण मी समोरून चेहरे बघत होते, आणि बरेच चेहरे काहीतरी नवीन ऐकल्यासारखे दिसत होते. मग बीप वाजत राहिले, दुपारपर्यंत. बोटाला शाई म्हणून आम्ही मार्करची रेघ ओढत होतो, आणि लोकशाहीशी काही संबंध नसलेला तो ‘लय टाइम हाय’वाला पोरगा मला म्हणाला, “मॅडम, जरा मोठी ओढा ना. घरी दाखवायचीय.”

ती पडली. चांगलीच पडली. निकाल ऐकून तिने ओठ घट्ट मिटले, विजेत्याच्या मिरवणुकीला वाट करून दिली, आणि सगळे पांगल्यावर माझ्याकडे आली. मला वाटलं आता रडणार. तर ती बोटांवर काहीतरी मोजत होती. “मॅडम, एसटीच्या पोरी एवढ्याच. माझी मतं तं त्याच्या दुपटीहून जास्त हायेत. ही बाकीची कोनाची?” मी म्हटलं, ते कळत नाही बाई, कळू नये म्हणूनच तर गुप्त असतं. तिचा विश्वास बसेना. पुढचा आठवडाभर ती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत हिंडत होती, हा असेल का, ही असेल का, म्हणून. एकदा तर तिने एका कबड्डीवाल्यासाठी बाकावर जागा करून दिली, न जाणो तोच असला तर! नाना, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं म्हणतात ते हेसुद्धा असू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

आणि कॅप्टन? त्याला झोंबलं. “मॅडम, मला वाटलं समदेच माझ्या बाजूनं. हे येवढे लोक तिच्याकडं कसे गेले?” मी म्हटलं, तिलाच विचार. त्याने खरंच विचारलं. मग एका संध्याकाळी तो सायकल घेऊन फाट्यावर गेला, एसटी गेलेली पाहिली, टेम्पो पाहिला. महिन्याच्या बैठकीत जाताना त्याने तिला बरोबर नेलं. मला म्हणाला, “दहावीत परत उभं राहायचंय मला, मॅडम. येवढी मतं सोडून कसं चालंल?” शुद्ध स्वार्थ. मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. मुख्याध्यापक कुरकुरले, गणिताचे सर त्याहून जास्त कुरकुरले, कारण त्यांना भल्या सकाळी घर सोडावं लागतं. शेवटी आठवड्यातले चार दिवस जादा तास सकाळी झाले. उरलेल्या दोन दिवशी तिचे वडील मोटारसायकल घेऊन फाट्यावर येतात आणि एसटीच्या आणखी एका मुलीलाही घरी सोडतात. दिवाळी होऊन गेली. ती अजून वर्गात आहे, आणि गणितात मात्र अजूनही कच्चीच आहे. मुख्याध्यापक परवाच म्हणाले, पुढच्या वर्षी तेवढं बिनविरोध करून टाकू हं, मॅडम.

तुमच्यावर रागवायचं माझं वय गेलं, नाना. आता नुसती उत्सुकता उरलीय. इतकी वर्षं हार गळ्यात पडले, पण तुम्हाला कधी वाटलं नाही का की एकदा मतपेटी उघडून बघावी? आपल्याला कोण घाबरून मानतं, कोण सवयीने मानतं आणि कोण मनापासून? मला वाटतं, तुम्ही हरला नसतात. करवतीच्या भीतीने तुम्ही स्वतःचाही विजय कधी मोजू दिला नाहीत. हे सगळं तुम्ही होतात तेव्हा तोंडावर बोलायला हवं होतं, पण मोठ्या माणसांत तोंड घालायचं नव्हतं. आता हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? सहामाहीचे तपासायचे पेपर पडलेत, त्यांच्याखाली हे जातील आणि तिथेच राहतील.

जाताना एवढंच सांगून टाकते. त्या वर्षी मतदान झालं असतं, तर मी तुम्हाला मत दिलं नसतं. त्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याला दिलं असतं. आणि तुम्ही निवडून आलात म्हणून देवळासमोर सगळ्यांत जास्त मीच नाचले असते.